चाफ्यावर रानजाई: नाशिकच्या बागेत क्लेमॅटिस झाडांतून कशी चढवावी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. लेकीकडे इंग्लंडला गेला होतात, तेव्हा तिच्या परसातल्या सफरचंदाच्या जुन्या झाडातून जांभळ्या फुलांची क्लेमॅटिस ही वेल फुललेली पाहिलीत. परत आल्यावर गंगापूर रोडच्या बंगल्यात तसंच करावं म्हणून मार्चमध्ये दोन रोपं मागवलीत. एक डाळिंबाखाली लावलं, दुसरं आंब्याच्या बुंध्याशी. मे संपायच्या आत दोन्ही गेली. डाळिंबाखालचं कडेकडेनं करपत गेलं, आंब्याखालचं चार दिवसांत काळं पडून मान टाकून बसलं. शिवाय फाटकाशी पांढरा चाफा आहे, कुंपणाला जास्वंद आहे आणि बंगल्याच्या मागे देवकांचन आहे. नाशिकमध्ये ही वेल झाडांतून चढवणं जमतं का, आणि जमत असेल तर कोणत्या झाडात?

जमतं. मी पंचवीस वर्षं नाशिकमध्ये बागा करतोय आणि झाडाच्या अंगावर फुललेली क्लेमॅटिस हे मला आजही सगळ्यात आवडणारं काम आहे. पण त्यासाठी वेल बदलावी लागेल, झाड बदलावं लागेल आणि कात्रीची वेळ पाळावी लागेल.

वेलीपासून सुरुवात करतो, कारण तुमची दोन्ही रोपं जगतील अशी शक्यता मुळातच कमी होती. इंग्लंडमध्ये झाडांतून चढवतात त्या बहुतेक संकरित जाती थंड प्रदेशातल्या आहेत. सगळ्यात प्रसिद्ध जांभळी ‘जॅकमनी’ 1862 साली इंग्लंडमधल्या वोकिंग गावच्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत पहिल्यांदा फुलली. ‘पोलिश स्पिरिट’ पोलंडमधल्या वॉर्सॉच्या स्टेफान फ्रान्चाक या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मबंधूंनी तयार केली. तिथला उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते तेवढी थंडी या वेलींना मानवते. त्यांना मारतो तो आपला एप्रिल-मे. हवा चाळिशीला टेकते, पण त्याहून वाईट म्हणजे माती तापते. क्लेमॅटिसला शेंड्यावर ऊन चालतं, मुळाशी तापलेली माती अजिबात चालत नाही. मार्चमध्ये लावलेल्या रोपाला मूळ धरायला जेमतेम महिना मिळाला आणि पुढे थेट भट्टी. तुमच्या हाताचा यात दोष नाही.

हिमालयातली ‘मोंटाना’ सुद्धा याच कारणानं इथे नको. मसुरी-सिमल्याकडे ती वसंतात पांढरीशुभ्र होऊन देवदारांवर चढलेली दिसते, 1831 साली लेडी ॲम्हर्स्ट यांनी ती हिंदुस्थानातून विलायतेला नेली आणि तिथे ती घरोघरी झाली. पण ती थंड डोंगरातली आहे. भारतातली आहे म्हणून नाशिकला येईल असं धरून बरेच जण मागवतात आणि फसतात.

आता आपल्याकडची. सह्याद्रीत क्लेमॅटिसच्या स्वतःच्या जाती आहेत, आणि त्र्यंबक-अंजनेरीकडे पावसाळ्याच्या अखेरीस फिरला असाल तर तुम्ही त्या पाहिल्याही असतील. करवंदीच्या जाळीवर, निवडुंगाच्या कुंपणावर पांढऱ्या चांदण्या पसरल्यासारखी वेल दिसते, तीच. रानजाई म्हणतात ती क्लेमॅटिस हेनेई, जुन्या पुस्तकांत ट्रायलोबा. तिचं फूल मोठं, पांढरं, मध्ये पुंकेसरांचा भरगच्च झुबका. दुसरी क्लेमॅटिस गौरियाना, तिची फुलं लहान, मलईच्या रंगाची, पण घोस एवढा मोठा की पान दिसत नाही. तिला मोरवेल म्हणतात. ही दोन्ही नावं गावोगाव अदलाबदलीनं वापरली जातात, तेव्हा नावावर न जाता फुलाचा आकार बघून वेल ओळखा. आणखी एक खूण सांगतो: या फुलांना पाकळ्या नसतातच. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती निदलं असतात. पानं देठावर समोरासमोर येतात. फूल गळाल्यावर प्रत्येक बीला पिसासारखी लांब शेपटी फुटते आणि सगळी वेल थंडीत रुपेरी होते. मोरवेल हे नाव त्या पिसांवरूनच पडलं असावं असं मला ती पाहताना नेहमी वाटतं.

फूल पावसाळ्याच्या अखेरीला, पिसारे थंडीत, आणि उन्हाळ्यात वेल जवळजवळ झोपलेली. हा क्रम आपल्या हवेचाच आहे, त्यामुळे मे महिन्यात तिला वाचवण्याची धडपड करावी लागत नाही. जांभळा रंग मिळणार नाही, हे खरं. तो हवाच असेल तर त्याची एक सोय पुढे सांगतो.

आता झाडं. इथे मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण चूक बहुतेक वेळा इथेच होते.

द्राक्षाची वेल तणाव्यांनी धरते, हे नाशिककरांना सांगायला नको. क्लेमॅटिसला तणावे नसतात. ती पानाच्या देठानं धरते. कोवळं पान बारीक काडीला टेकलं की त्याचा देठच तिच्याभोवती एक वेढा घेतो. म्हणून तिला धरायला पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक काडी लागते. आंब्याच्या बुंध्याशी लावलेली वेल कितीही जोमदार असली तरी त्या बुंध्याला धरू शकत नाही, ती खालीच गोळा होते. शिवाय आंब्याखाली बारमाही गडद सावली आणि वरच्या थरात मुळांचं जाळं. आंबा, चिकू, फणस ही झाडं या कामातून वगळा.

डाळिंबाची काडी बारीक, छत्री विरळ, म्हणजे दिसायला एकदम योग्य. पण तुम्ही त्या झाडाची फळं खात असाल तर त्यावर वेल नको. रानजाई भर पावसाळ्यात वाढते. त्याच वेळी डाळिंबाच्या आत हवा खेळायला हवी, नाहीतर पानं-फळं ओली राहतात आणि तेल्या रोग येतो. मालेगाव-सटाण्याकडच्या कोणत्याही डाळिंबवाल्याला विचारा, तेल्यानं काय होतं ते. फुलासाठी फळझाड धोक्यात घालायला माझं मन होत नाही.

जास्वंदीचं कुंपण तुम्ही वर्षातून तीन-चार वेळा छाटत असणार. प्रत्येक छाटणीत वेलही कापली जाईल. शिवाय जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण वेलीच्या दाट पानांत लपून राहतो आणि फवारा तिथपर्यंत पोचत नाही. तेही नको.

राहिले चाफा आणि देवकांचन, आणि तुमच्या बागेचं नशीब या दोघांतच आहे. देवकांचन पावसाळा सरता सरता गुलाबी-जांभळा फुलायला लागतो आणि थंडी पडेपर्यंत फुलत राहतो. रानजाईचा बहरही त्याच सुमाराला. गुलाबी फुलांमधून पांढऱ्या चांदण्या, एकाच फांदीवर. तुम्ही इंग्लंडमध्ये पाहिलंत त्याच्या तोडीचं हे दृश्य आहे, आणि इथल्या मातीतलं आहे. कांचनाच्या फांद्यांची टोकं बारीक आणि लवचीक असतात, त्यामुळे वेलीला धरायलाही सोपं. माझी पहिली पसंती हीच.

चाफ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या फांद्या बोटापेक्षा जाड, गुळगुळीत, वेलीला धरायला तिथे काहीच नाही. पण डिसेंबरनंतर पानं गळून चाफा बोडका होतो, आणि नेमका तेव्हाच मोरवेलीचा पिसारा तयार असतो. सकाळचं तिरपं ऊन त्या करड्या फांद्यांवरच्या रुपेरी झुबक्यांतून आलं की माणूस फाटकातच थांबतो. म्हणून चाफ्यावर मी सुतळीचा आधार देऊन मोरवेल चढवतो. मेहनत जास्त आहे, पण करण्यासारखी आहे. मात्र चाफ्याच्या फांद्या ठिसूळ असतात. वेलीचं ओझं दरवर्षी उतरवणार असाल तरच तो जोडा जमवा.

नवीन झुडूप लावायचा विचार असेल तर कुंती, तगर किंवा कण्हेर घ्या. तिन्हींच्या काड्या बारीक, तिन्ही उन्हाळा सोसतात. गुलाबी कण्हेरीवर रानजाई मी बऱ्याच ठिकाणी लावली आहे. फक्त कण्हेर विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर कुंती बरी.

यजमान झाड कोणतंही असो, ते किमान तीन-चार वर्षांचं आणि वेलीपेक्षा उंच झालेलं असावं. कोवळ्या झाडावर वेल सोडली तर दुसऱ्या पावसाळ्यात झाड दिसेनासं होतं. वेल ही पाहुणी आहे. घर झाडाचं आहे.

लावणी. खड्डा बुंध्याशी नको. झुडपापासून दोन-तीन फुटांवर, आणि देवकांचनासारख्या झाडाला तर फांद्यांच्या घेराच्या कडेशी घ्या. तिथे पावसाचं पाणी पोचतं आणि झाडाची जाड मुळं कमी असतात. दिशा उत्तरेची किंवा ईशान्येची, म्हणजे खोडाला झाडाची सावली मिळते आणि वेल आपणहून उजेडाकडे, झाडातून दक्षिणेला धावते. पश्चिमेच्या भिंतीजवळ चुकूनही लावू नका, ती भिंत रात्री नऊपर्यंत तापलेली असते.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल पुरे. गंगापूर रोडच्या बाजूला बऱ्याच प्लॉटवर काळी माती आहे, ती पावसात पाणी धरून ठेवते. निम्मी माती काढून तिच्या जागी बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत घाला. वर द्राक्षाला करतो तसा वीतभर उंच बोद, म्हणजे मातीचा उंचवटा, करा आणि रोप त्या बोदावर लावा. कुंडीत होतं त्यापेक्षा दोन-तीन इंच खोल लावायचं, खोडावरचे एक-दोन डोळे मातीखाली जातील असं. इतर रोपांना हे चालत नाही, क्लेमॅटिसला मात्र हवं असतं, कारण वरचं खोड गेलं तरी ती मातीखालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटते. बोद नसेल तर खोल लावलेलं खोड काळ्या मातीत कुजेल, म्हणून ही दोन कामं एकत्रच करायची.

झाडाच्या मुळांशी पहिल्या वर्षी स्पर्धा होऊ नये म्हणून मी खड्ड्यात बूड काढलेला जुना लाकडी खोका गाडतो. तो कुजेपर्यंत दोन वर्षं जातात, तोवर वेल स्वतःचं बघायला शिकलेली असते. वर पाचटाचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन आणि खोडाच्या दक्षिणेला दोन-तीन चपटे दगड. दगडाखालची माती मे महिन्यातही हाताला गार लागते, हात घालून बघा.

आणि खोडाभोवती बारीक जाळीचं नळकांडं, फूटभर उंचीचं. हे विसरू नका. क्लेमॅटिसचं खालचं खोड सुतळीएवढं बारीक आणि वाळक्या काडीसारखं दिसतं. कॉलेज रोडच्या एका बंगल्यात माझी चार वर्षांची, देवकांचन भरून फुललेली रानजाई गवत काढताना खुरप्याच्या एका फटक्यात गेली होती. वर वेल हिरवी होती, म्हणून दोन दिवस कुणाला कळलंही नाही. तिसऱ्या दिवशी सगळी कांचनावरच सुकली. अजून आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून जाळी घातल्याशिवाय मी रोप सोडून येत नाही.

चढवण्यासाठी खोडाजवळ एक बांबूची कामटी तिरकी रोवा, तिचं वरचं टोक झाडाच्या सगळ्यात खालच्या बारीक फांदीला टेकवा. चाफा असेल तर कामटीपासून वरच्या दुबेळक्यापर्यंत दोन-तीन सुतळ्या सैल सोडा. बुंध्याला करकचून बांधू नका. नायलॉन किंवा तारही नको, फांदी जाड झाली की ती सालीत रुतते. सुतळी दोन पावसाळ्यांत कुजते, तेच चांगलं. वेल दीड-दोन फुटांची झाली की शेंडा मारा. द्राक्षबागेत शेंडा मारतात तसंच, फक्त तिथे बगलफूट, म्हणजे बाजूची फूट, काढून टाकतात, इथे ती ठेवायची. न मारता सोडली तर ती एकाच दोरीनं शेंड्यापर्यंत जाते आणि सगळी फुलं गच्चीवरून दिसतात, अंगणातून नाही.

पाणी जून ते सप्टेंबर पाऊसच देईल. पावसानं उघडीप दिली तरच द्या. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा. उन्हाळ्यात पहिल्या वर्षी चार-पाच दिवसांनी संध्याकाळी, दुसऱ्या वर्षापासून दहा-बारा दिवसांनी पुरे. खत जूनच्या सुरुवातीला दोन ओंजळी गांडूळखत, बस. युरिया घातला तर पानंच पानं येतात.

आता छाटणी. नाशिककरांना हे समजावणं मला सोपं जातं, कारण आपल्याकडे खरड छाटणी आणि गोडी छाटणी घराघरात माहीत असते. द्राक्षात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी येते तिच्या डोळ्यांत घड आधीच तयार होतो आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो बाहेर पडतो. क्लेमॅटिसमध्येही असे दोन स्वभाव आहेत. मोंटानासारख्या वेली गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर फुलतात, त्यांची खरड छाटणी केली तर त्या वर्षी फूल नाही. जॅकमनी, पोलिश स्पिरिट आणि आपल्या रानजाई-मोरवेली त्याच हंगामाच्या नव्या फुटीवर फुलतात. झाडांतून चढवायला या दुसऱ्या स्वभावाच्याच वेली घ्यायच्या, कारण त्यांना दरवर्षी बुडापासून कापता येतं. कापली की झाड मोकळं होतं, त्याच्या पानांना ऊन मिळतं, पुन्हा कोरी सुरुवात.

कापायची वेळ फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. तोवर पिसारे उडून गेलेले असतात. जमिनीपासून फूट-दीड फुटावर, जोरकस दिसणाऱ्या डोळ्यांच्या जोडीच्या वर कापा. वरची वेल लगेच ओढून काढू नका. आठवडाभर झाडावरच वाळू द्या, वाळलेले देठ आपोआप मोडतात आणि झाडाच्या फांद्या तुटत नाहीत. हातमोजे घाला. या कुळातल्या वेलींचा ताजा रस अंगाला लागला तर कातडीची आग होते, फोडही येतात. डोळ्याला हात लावू नका.

एखाद्या वर्षी छाटणी राहून गेली तर काय होतं ते पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात पाहिलं आहे. तीन वर्षांची न कापलेली मोरवेल तगरीवर गादीसारखी साचली होती. जुलैच्या पावसात ती गादी भिजून एवढी जड झाली की तगरीच्या मुख्य फांद्या बुंध्यापासून फाटल्या. वेल जोरात होती, तगर गेली. म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत कात्री चालवणं होणार नसेल, तर मी माणसांना ही वेल झाडावर न लावता कुंपणाच्या जाळीवर लावायला सांगतो.

आंब्याखालचं रोप चार दिवसांत काळं पडलं, त्याबद्दल. हळूहळू कडेनं करपणं ही उन्हाची खूण. पण वरपासून खालपर्यंत एकदम मान टाकणं, देठ काळे पडणं, हा बहुधा क्लेमॅटिसचा मर रोग, बुरशीचा. मोठ्या फुलांच्या संकरित जातींना तो जास्त होतो, रानातल्या लहान फुलांच्या वेली सहसा सुटतात. अशा वेळी आपण घाबरून पाणी वाढवतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. निरोगी हिरवा भाग लागेपर्यंत खोड कापत खाली यायचं, गरज पडली तर मातीच्या पातळीपर्यंत. कापलेलं जाळायचं, कात्री स्पिरिटनं पुसायची, पाणी कमी करायचं आणि वाट बघायची.

जांभळ्या रंगाची सोय आता सांगतो. संकरित वेल जमिनीत न लावता कुंडीत ठेवा. चौदा ते सोळा इंचांची मातीची कुंडी, काळी प्लास्टिकची नको, ती उन्हात शिजते. रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या, मार्चमध्ये कधीच नाही. थंडीत ही कुंडी तुमच्या चाफ्याखाली ठेवा. चाफा बोडका असल्यामुळे भरपूर उजेड मिळतो, आणि वेल सुतळीवरून त्याच्या खालच्या फांद्यांत चढते. जॅकमनी किंवा ‘एतुआल व्हायोलेत’ निवडा. फूल आलंच तर थंडीच्या अखेरीस येतं. मार्च सरताना वेल फुटावर कापून कुंडी उत्तरेच्या सावलीत, जमिनीवर, इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा. एवढं करूनही उन्हाळा पार करून दुसऱ्या वर्षी फुललेली रोपं माझ्या हाताखाली मोजकीच आहेत. हौस म्हणून जरूर करा, पण बागेचा भार तिच्यावर टाकू नका.

रानजाईचं रोप कुठून आणायचं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. डोंगरातून उपटून आणू नका, अंजनेरी तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. उपटलेली वेल तशीही जगत नाही, तिचं मूळ खडकाच्या फटीत खोल गेलेलं असतं. देशी झाडं करणाऱ्या रोपवाटिकेत विचारा. नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर वेल असेल तर त्याला विचारून दाब कलम करा. आत्ता ऑगस्ट आहे, दिवस योग्य आहेत. एक लांब काडी वाकवून तिचा एक डोळा मुरूम-शेणखत भरलेल्या पिशवीत दाबा, वर दगड ठेवा. थंडी संपेपर्यंत सोडवू नका. छाट कलम करायचं तर इतर झाडांसारखं डोळ्याखाली न कापता दोन डोळ्यांच्या मध्ये कापा, क्लेमॅटिसला ते जास्त मानवतं. बीपासून करायची तर जानेवारीत पिसारे सुकले की शेपटीसकट बी गोळा करून कागदी पिशवीत ठेवा आणि जूनच्या पहिल्या पावसावर पेरा. उगवायला कधी आठवडे जातात, कधी महिने, ट्रे फेकू नका.

आणि आंब्याखालची जागा अजून खणली नसेल, तर खोडाशी दोन बोटं माती सारून बघा. रोप खोल लावलं गेलं असेल तर पावसानंतर तिथे हिरवा कोंब दिसण्याची शक्यता आहे. दिसला तर फुटाफुटाचा मातीचा गोळा धरून अलगद काढा, कुंडीत हलवा आणि फेब्रुवारीपर्यंत त्याला कात्री लावू नका.